इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकची पिवळी लाईट: पाऊस झाला की लागते, सर्व्हिसवाले म्हणतात दोन्ही कॅलिपर बदला

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी, गाडीचं एक दुखणं झालंय आणि इथे जाणकार आहेत म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी २०२१ ची, डिझेल, मॅन्युअल गियर, मागे डिस्क ब्रेक, आणि दांड्याच्या हँडब्रेकऐवजी तो छोटा स्विच आहे, ओढला की ब्रेक लागतो आणि ब्रेकवर पाय ठेवून दाबला की सुटतो. पावसाने जोर धरल्यापासून सकाळी गाडी चालू केली की मीटरमध्ये पिवळी लाईट, पार्किंग ब्रेक सिस्टीम तपासा असा मेसेज, आणि ऑटो होल्डपण (ब्रेकवरचा पाय काढला तरी थांबलेली गाडी धरून ठेवणारी सोय) बंद. अशा वेळी स्विच ओढला तर लाल पी (ब्रेक लागल्याची मीटरमधली खूण) नीट लागत नाही, नुसता ब्लिंक होत राहतो. दुपारी जरा ऊन पडलं, गाडी फिरली की कधीकधी आपोआप सगळं नॉर्मल होतं. रात्री परत पाऊस, सकाळी परत तेच.

अजून एक गोष्ट. आधी स्विच ओढला की मागून दोन्ही बाजूंनी घूंऽऽ असा मोटरचा आवाज यायचा. आता लाईट असताना तो फक्त उजवीकडून येतो, डावीकडे काहीच नाही. बायकोला मागे उभं करून ऐकायला सांगितलं होतं, तिनेही हेच सांगितलं त्यामुळे खात्री आहे.

मे महिन्यात मागचे पॅड बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलून घेतलेत. बॅटरी अजून कंपनीतून आलेलीच आहे.

सर्व्हिस सेंटरला नेली तर त्यांनी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) क्लिअर केला, पाऊस उघडला होता तोवर बरी राहिली, मग परत सुरू. पुन्हा नेली तर सरळ मागचे दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर आवळणारा भाग) मोटरसकट बदलायचं एस्टिमेट हातात दिलं, चाळीस हजाराच्या वर. कोड नक्की कुठला होता विचारलं तर "पार्किंग ब्रेकचा एरर आहे" एवढंच उत्तर.

आमचं घर उतारावर आहे, गाडी जिथे लावतो तिथून रस्ता सरळ खाली जातो आणि आई-बाबांची सकाळ-संध्याकाळ तिथेच बसाउठायची जागा, त्यामुळे मला हे टांगणीला ठेवायचं नाहीये. शिवाय कुंभार्ली घाटातून कराडला जाणं-येणं चालूच असतं. तर कॅलिपर खरंच गेले असतील का, की त्याआधी काही तपासण्यासारखं आहे? आणि तोवर घाटात गाडी न्यावी का?

---

टेस्टलॅम्प (सातारा)

दादा आधी एस्टिमेटवर सही करू नका. मी ऑटो वायरिंगचं काम करतो, पावसाळा लागला की या लाईटच्या गाड्या येतातच येतात, आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांत मोटर, कॅलिपर ठणठणीत असतात.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी माझ्यासाठी महत्त्वाच्या, एक म्हणजे पावसाशी संबंध आणि दुसरं म्हणजे एकाच बाजूचा आवाज. मोटर जळाली असती तर ती ऊन बघून चालू झाली नसती. ओलं झालं की बंद आणि वाळलं की चालू म्हणजे कुठेतरी पाणी शिरतंय, बहुतेक डाव्या मागच्या चाकाच्या कपलरमध्ये (वायर जोडायचा प्लग) नाहीतर तिथवर येणाऱ्या वायरमध्ये. मे मध्ये पॅड बदललेत म्हणताय म्हणजे त्या कपलरला कोणाचातरी हात लागलेला आहे, तो परत लॉक होईपर्यंत दाबला का, आतलं रबराचं सील जागेवर आहे का, हे पहिलं बघायचं.

पण त्याच्याही आधी बॅटरी. ही सिस्टीम कमी व्होल्टेजला फार लवकर रुसते. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी दार न उघडता, म्हणजे बोनेट आदल्या रात्रीच उघडून ठेवा, टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. १२.५-१२.६ व्होल्ट आलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, १२ च्या खाली असेल तर आधी चार्जिंग नाहीतर नवी. मग सेल्फ मारताना बघा, १० च्या आसपास टिकली पाहिजे, ९.६ च्या खाली गेली की बॅटरीत दम नाही समजा. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. तुमची २०२१ ची बॅटरी आहे म्हणून सांगतोय, बॅटरीमुळे सकाळी लाईट आणि फिरल्यावर नॉर्मल हे पण होतं, फक्त मग आवाज एकाच बाजूचा का हे तिथे जुळत नाही.

आणि कोड लिहून घ्या. ज्याने स्कॅनर लावला त्याच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा, क्लिअर करायच्या आधी. सी ने सुरू होणारा कोड असेल. त्यात डावी की उजवी, ओपन (सर्किट तुटलेलं) की शॉर्ट (वायर भलतीकडे टेकलेली), व्होल्टेज की स्विच हे सगळं लिहिलेलं असतं, "पार्किंग ब्रेकचा एरर" असा कुठलाही कोड नसतो.

---

रविवारचा_ड्रायव्हर (ठाणे)

एवढं कशाला, ऑनलाईन ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर मिळतो तो घ्या आणि मोबाईलवरून कोड उडवा. नाहीतर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १० मिनिटं काढून ठेवा, माझ्या गाडीची इंजिनची लाईट अशीच गेली होती. पार्किंग ब्रेकचा फ्यूज काढून ठेवला तरी चालेल की, मॅन्युअल गाडी आहे, गियरमध्ये लावायची.

---

टेस्टलॅम्प (सातारा)

रविवारचा_ड्रायव्हर भाऊ, राग नको पण हे तिन्ही नका सांगू कोणाला. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर साध्या ॲपवर फक्त इंजिनचे कोड दाखवतो, पी ने सुरू होणारे. ब्रेकच्या मॉड्यूलशी (ब्रेकचा कॉम्प्युटर) तो बोलतच नाही, "नो फॉल्ट" दाखवेल आणि माणूस निर्धास्त होईल. गाडीच्या मेकप्रमाणे वेगळं ॲप असेल तर गोष्ट निराळी. टर्मिनल काढलं तर वायर तुटलेली असेल ती जुळणार आहे का? उलट हँडब्रेक लागलेला असताना बॅटरी काढली तर तो सुटायचाच नाही, आणि लावल्यानंतर काही गाड्यांत ब्रेक एकदा लावून-सोडून घ्यावा लागतो नाहीतर दुसरीच लाईट पेटते. फ्यूज काढून ठेवणं तर नकोच, ह्यांच्या घरासमोर उतार आहे आणि खाली म्हातारी माणसं बसतात असं स्पष्ट लिहिलंय त्यांनी.

---

डॉट४ (चाकण)

मी ब्रेकच्याच क्षेत्रात काम करतो, म्हणून आत काय चालतं ते जरा लिहितो, त्यावरून तुमची केस तुम्हालाच उलगडेल.

मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या पाठीवर एक १२ व्होल्टची डीसी मोटर असते. तिला गियर जोडलेले, त्यापुढे एक स्क्रू आणि त्यावरचा नट. मोटर फिरली की नट पुढे सरकतो, पिस्टनला आतून ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतात. म्हणजे पायाच्या ब्रेकने जे ऑइल करतं तेच काम इथे स्क्रू करतो, पिस्टन तोच, पॅड तेच. एकदा आवळलं की स्क्रू स्वतःहून उलटा फिरत नाही, म्हणून ब्रेक लागल्यावर करंट लागत नाही आणि बॅटरी पार मेली तरी ब्रेक लागलेलाच राहतो. म्हणूनच तो सोडायलाही करंट लागतो.

आता गंमत अशी की पॅड किती आवळले हे मोजायला बहुतेक गाड्यांत वेगळा सेन्सर नसतोच. मॉड्यूल मोटरचा करंट बघतं. सुरुवातीला झटका, मग मोकळं फिरताना करंट कमी, पॅड डिस्कला टेकले की चढायला लागतो, ठराविक पातळीला गेला की मॉड्यूल सप्लाय तोडतं आणि लाल पी स्थिर पेटतो. करंट आलाच नाही, किंवा वेळेत चढला नाही, तर मॉड्यूलच्या दृष्टीने ब्रेक लागलेला नाही, मग लाल ब्लिंक आणि सोबत पिवळी. तुमच्याकडे हेच होतंय. उजवी मोटर आपलं काम पूर्ण करतेय, डावीकडून करंटच येत नाहीये. पावसाशी असलेला संबंध बघता टेस्टलॅम्प म्हणतायत तेच मलाही वाटतं.

त्यात अनेक नव्या गाड्यांत हे मॉड्यूल एबीएस-ईएससीच्या (चाकं जाम होऊ न देणारी आणि गाडी घसरू न देणारी सिस्टीम) युनिटमध्येच असतं, बोनेटखाली. म्हणजे मोटरची वायर पुढून निघून गाडीच्या पोटाखालून मागे जाते आणि शेवटचा तुकडा चाकाच्या कमानीत लोंबता असतो, सस्पेन्शनबरोबर सतत हलणारा, चिखल-पाणी झेलणारा. कोकणातला पाऊस आणि घाटातला रस्ता, त्यामुळे तिथे बिघाड होणं अगदी शक्य आहे. वायर क्लिपमधून सुटली असेल तर टायरला किंवा आर्मला घासून इन्सुलेशन जातं, तेही बघा.

पॅड बदलण्याबद्दल. या सिस्टीममध्ये पॅड काढायच्या आधी सर्व्हिस मोडमध्ये जाऊन नट पूर्ण मागे घ्यावा लागतो, बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने, काहींत स्विच आणि पेडलच्या ठराविक क्रमाने, तो गाडीच्या पुस्तकात असतो. तसं न करता क्लॅम्प लावून पिस्टन जबरदस्तीने आत ढकलला तर स्क्रू आणि गियर दुखावतात. पण तसं झालं असतं तर बिघाड ऊन-पाऊस बघून आला-गेला नसता, आणि कोडही वेगळा आला असता. म्हणून त्या गॅरेजवाल्याला एवढ्यात दोष देऊ नका, फक्त विचारून घ्या की स्कॅनर लावून केलं होतं का.

आणि दोन्ही कॅलिपर बदलायला सांगितलंय ते मला अजिबात पटत नाही. उजवीकडे बिघाडाचं एकही लक्षण नाही. डावी मोटर खरंच गेली असेल तरी बहुतेक गाड्यांत ती मोटर दोन बोल्ट काढले की कॅलिपरपासून वेगळी होते, ब्रेक ऑइलची लाईन उघडावीच लागत नाही. मोटर सुटी मिळते का हे पार्ट्सच्या काउंटरवर गाडीचा चेसिस नंबर देऊन विचारा.

सेफ्टीचं. पायाचा ब्रेक वेगळा, तो पूर्ण हायड्रॉलिक आहे, या लाईटमुळे तो कमी होत नाही. घाटात गाडी थांबवायला अडचण नाही. पण चालत्या गाडीत स्विच ओढून धरला की एरवी ईएससी चारही चाकांना ब्रेक मारून गाडी थांबवते, तो आणीबाणीचा आधार पिवळी लाईट असताना मिळेलच असं धरू नका, आणि हिल असिस्ट (चढावर गाडी सोडताना क्षणभर धरून ठेवणारी सोय) बंद असेल तर चढावर गाडी सोडताना मागे येईल. उभी करताना मात्र हँडब्रेक नाहीच असं समजून वागा. नियमाप्रमाणे पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी २० टक्के चढावर धरायला हवी, म्हणजे ५ मीटरमागे १ मीटर चढ, आणि तो हिशोब दोन्ही चाकांचा आहे, एकाचा नाही. तुमच्याकडे तोंड चढाला असेल तर पहिला गियर, उताराला असेल तर रिव्हर्स, पुढची चाकं कडेला वळवलेली, आणि मागच्या चाकाला चांगला मोठा दगड किंवा लाकडी ठोकळा. तोवर गाडी खालच्या सपाट जागेत लावता आली तर सगळ्यात उत्तम.

---

सासष्टीवाली (मडगाव)

वाशिष्ठीकाठ, तुमचं निदान या दोघांनी बरोबर केलंय असं वाटतं पण हा धागा उद्या दुसरं कोणी शोधत येईल म्हणून माझंही लिहून ठेवते. माझ्या गाडीत लाईट यायची पण लक्षण उलटं, ब्रेक लागायचा आणि सुटायचाच नाही. स्विच दाबला की मीटरवर "ब्रेक पेडल दाबा" आणि मी तर पेडल दाबूनच बसलेली. खूप वेळ सगळे मागे मोटरमध्ये शोधत राहिले. शेवटी आमच्या शेजारच्या काकांनी संध्याकाळी अंधारात पाहिलं की मी ब्रेक दाबतेय तरी मागच्या भिंतीवर लाल उजेड पडत नाहीये. ब्रेक लाईटच लागत नव्हती! पेडलच्या वर जो ब्रेक लाईटचा स्विच असतो तो गेला होता, त्यामुळे पेडल दाबलंय हे गाडीला कळतच नव्हतं. छोटासा पार्ट, बदलला, विषय संपला. म्हणून ज्यांचा ब्रेक सुटत नाही त्यांनी आधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाईट बघावी.

दुसरं, टोईंग. पावसाळ्यात आम्ही बाहेर गेलो होतो, आलो तर बॅटरी पूर्ण डाऊन आणि हँडब्रेक लागलेला. क्रेनवाला आला, पुढची चाकं उचलली आणि निघाला, मागची दोन्ही चाकं जाम, डांबरावर घासत नेली. टायर एका जागी सपाट झाले ते बदलावेच लागले. फोन करतानाच सांगा की इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आहे, फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) पाठवा, आणि आधी जंप स्टार्ट करून ब्रेक सोडून बघा. आमचं काम जंप केबलनेच झालं असतं.

आणि समुद्राकाठची हवा आहे आपल्याकडे, गाडी ओली लावून बरेच दिवस ठेवली की पॅड डिस्कला चिकटतात. ब्रेक सुटला तरी चाक धरून राहतं आणि मग ठक् आवाज होऊन मोकळं होतं. त्यात घाबरण्यासारखं नाही, पण सपाट जागी, बंद गेटच्या आत गाडी महिनाभर ठेवायची असेल तर मी आता ब्रेक न लावता गियर आणि ठोकळ्यावर ठेवते.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं समजावून मला सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. गाडी सध्या खाली शाळेच्या बाजूला सपाट जागेत लावतोय, चाकाला जांभ्याचा चिरा लावून.

बॅटरी मोजली. सकाळी १२.५, सेल्फ मारताना १०.३, चालू गाडीत १४.२. म्हणजे बॅटरी ठीक म्हणायची ना? मागचे ब्रेक लाईट तिन्ही लागतात, सासष्टीवाली ताईंनी लिहिलं म्हणून तेही पाहिलं. ब्रेक ऑइल मिनिममच्या बरंच वर आहे.

इथल्या एका गॅरेजवाल्याकडे मोठा स्कॅनर आहे, पाऊस चालू असतानाच मुद्दाम गेलो आणि फोटो काढून आणलाय. कोड एकच आहे, डाव्या पार्किंग ब्रेक मोटरचं सर्किट ओपन, स्टेटस "करंट" म्हणजे बिघाड आत्ता चालू आहे. उजवीकडचा काहीच नाही, मॉड्यूलचाही नाही. तो म्हणाला चाक खोलून बघू. टेस्टलॅम्पदादा, खोलल्यावर नेमकं काय काय बघायला सांगू? आणि मोटर चांगली आहे हे कसं ओळखायचं?

---

टेस्टलॅम्प (सातारा)

बॅटरी एक नंबर आहे, ती सोडून द्या.

आता खोलताना क्रम असा ठेवा. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यायची. स्कॅनरने सर्व्हिस मोड लावायचा म्हणजे मध्येच मोटर फिरणार नाही. हे फार महत्त्वाचं, कॅलिपरमध्ये बोट असताना कोणी आत बसून स्विच ओढला तर बोट जाईल. चावी खिशात ठेवायची, कीलेस असेल तर गाडीपासून लांब.

चाक काढल्यावर मोटरच्या मागे दोन वायरचा कपलर दिसेल. काढायच्या आधी नुसता हाताने हलवून बघा, लॉक बसलेलं नसेल तर डुगडुगेल. मग लॉक दाबून काढा आणि दोन्ही तोंडं बॅटरी मारून नीट बघा, म्हणजे टॉर्च. हिरवी किंवा पांढरी पावडर, काळी पडलेली पिन, पाण्याचा थेंब, मुडपलेलं सील, आत सरकलेली पिन, यातलं काहीही असेल तर चोर सापडला. तिथून वायर धरत-धरत वर जा जिथे ती बॉडीत शिरते तिथपर्यंत, बोटांनी चाचपत, आतून तार तुटलेली असेल तर वायर तिथे लिबलिबीत लागते.

मोटर तपासायला कपलर काढल्यावर मोटरच्या दोन पिनांत मीटर ओहमवर लावा, अगदी कमी ओहम दाखवलं पाहिजे, काहीच दाखवत नसेल तर मोटर आतून ओपन. गाडीकडच्या बाजूला मात्र नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका, एका तारेवर अडकलेली वायरसुद्धा मीटरला १२ व्होल्ट दाखवते आणि लोड आला की बसते. तिथे २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावायचा, सर्व्हिस मोडमधून बाहेर येऊन स्कॅनरच्या टेस्टने ब्रेक लावायची कमांड द्यायची, बल्ब क्षणभर लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणता पेटला तर वायरमध्ये रेझिस्टन्स आहे. या सगळ्यात नवीन कोड पडतील, ते शेवटी क्लिअर करायचे, त्याने घाबरू नका.

आणि पिन हिरवी निघाली तर नुसती घासून, स्प्रे मारून परत बसवू देऊ नका. वरचा मुलामा गेलेला असतो, पुढच्या पावसात परत हिरवी होणार. पिन बदलायची किंवा शेपटीसकट (मागच्या वायरच्या तुकड्यासह) नवीन कपलर टाकायचा.

---

डॉट४ (चाकण)

यात एकच भर. चाक खोललंच आहे तर कॅलिपरच्या स्लाईड पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) हाताने सरकतात का आणि आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी सारखी आहे का ते बघा, कारण डावी बाजू मध्येच लागत-न लागत असताना एखादा पॅड धरून राहिलेला असू शकतो. दोन मिनिटांचं काम आहे.

जोडणी झाल्यावर स्कॅनरमध्ये पार्किंग ब्रेकची असेंब्ली चेक किंवा कॅलिब्रेशन अशा नावाचं फंक्शन असतं, ते चालवायला लावा. त्यात मॉड्यूल दोन्ही मोटर पूर्ण मागे-पुढे करून आपली सुरुवातीची जागा परत शिकतं.

आणि नंतर एखाद्या दिवशी घाट उतरून आलात, गाडी लावून आत गेलात आणि थोड्या वेळाने बंद गाडीतून मोटरचा आवाज आला तर दचकू नका. तापलेली डिस्क थंड होताना आकसते, पकड सैल होते, म्हणून काही गाड्या स्वतःहून पुन्हा आवळून घेतात. तो बिघाड नाही.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

खोलली. सगळं तुम्ही लिहिलंत तसंच निघालं, त्यामुळे फोटोसारखं वर्णन करून लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

कपलर वरून अगदी बसलेला दिसत होता. गॅरेजवाल्याने बोट लावलं आणि तो हलला, लॉकचा कान अर्धाच बसलेला. ओढल्यावर आतून पाण्याचा थेंब त्याच्या मनगटावर पडला. दोन पिनांपैकी एक स्वच्छ पितळी, दुसरी टोकापासून बुडापर्यंत हिरवीगार, नखाने खरवडली तर पावडर निघत होती. आणि रबराचं सील होतं पण एका बाजूला दुमडून आत गेलेलं, त्या फटीतूनच पाणी जात असणार. वायरची एक क्लिपपण जागेवर नव्हती त्यामुळे वायर खाली झोळ देऊन लोंबत होती आणि टायरचं पाणी सरळ तिच्यावरून कपलरकडे ओघळत होतं. घासलेली मात्र कुठे नव्हती.

मोटर मीटरवर चांगली दाखवली. मग कपलर शेपटीसकट नवीन टाकला (रत्नागिरीहून मागवावा लागला), जोडावर सोल्डर करून वर गरम केल्यावर चिकटणारी स्लीव्ह घातली. मोटरच्या बाजूची पिन थोडीच काळी होती ती साफ केली. नवी क्लिप लावून वायर वर बांधली, आता झोळ नाही. बल्ब लावून पाहिलं, लख्ख पेटला. स्लाईड पिना मोकळ्या आहेत, पॅड दोन्हीकडे सारखे. असेंब्ली चेक केला, कोड क्लिअर केले. एकूण खर्च एस्टिमेटच्या आसपाससुद्धा नाही, पार्ट आणि मजुरी धरून हजारांत मोजता येतील एवढा आणि तेही एका हाताच्या बोटांवर.

दोन्हीकडून आवाज येतो. लाल पी स्थिर. त्यानंतर दोनदा चांगला जोराचा पाऊस झाला, शिवाय मुद्दाम त्या चाकात पाईपने पाणी मारून रात्रभर गाडी तशीच ठेवली, सकाळी लाईट नाही. काल कुंभार्ली चढताना ऑटो होल्ड वापरला, व्यवस्थित. पॅड लावणाऱ्या गॅरेजला फोन करून विचारलं, सर्व्हिस मोडला टाकूनच केलं होतं म्हणाले, कपलर तेवढा राहिला असणार.

टेस्टलॅम्पदादा, मोटरच्या बाजूची जी पिन नुसती साफ केलीय तिचं काय करू?

---

टेस्टलॅम्प (सातारा)

छान काम केलंय त्या माणसाने, त्याला सांगा. मोटरच्या बाजूची पिन बदलता येत नाही, ती मोटरमध्येच असते. थोडीच काळी होती आणि बल्ब लख्ख पेटला म्हणजे चिंता नाही. दिवाळीच्या सुमारास पाऊस पूर्ण गेला की एकदा कपलर काढून नजर टाका, सील कोरडं आहे ना बघा आणि सीलला हलका सिलिकॉन ग्रीसचा हात द्या. पिनांवर थापू नका, फक्त रबराला. उजव्या बाजूचा कपलरपण त्याच वेळी बघा, मे मध्ये पॅड तिकडचेही बदललेत त्याच पॅडवाल्या गॅरेजने.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

उजवीकडचं डोक्यातच आलं नव्हतं. दिवाळीपर्यंत थांबत नाही, रविवारी तेही चाक खोलून घेतो आणि काय निघतं ते इथेच लिहितो. तोवर घरासमोर लावताना गियर आणि ठोकळा चालू ठेवलाय.